बर्बन घातलेली चॉकलेट पिकॅन पाई, गोडाला आवर घालून

पिकॅन पाई खाल्लेल्या मराठी माणसाची तक्रार ठरलेली असते: फार गोड! तक्रार खरी आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत थँक्सगिव्हिंगला आणि नाताळला हमखास होणारी ही पाई म्हणजे मुळात साखर, कॉर्न सिरप, अंडी आणि बटर यांचं सारण आणि त्यात पिकॅन, म्हणजे अक्रोडासारखा एक सुकामेवा. कारो हे कॉर्न सिरप १९०२ मध्ये बाजारात आलं. १९३०च्या दशकात त्याच्या कंपनीने ही पाककृती घरोघरी पोचवली, त्यामुळे सिरप त्यात सढळ हातानेच पडतं. कडवट चॉकलेट आणि बर्बन (अमेरिकन व्हिस्की) घातली की हाच पदार्थ ताळ्यावर येतो. पुढची सगळी कृती तेवढ्याचसाठी बेतलेली आहे.

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो, म्हणजे पाई बुधवारी करायची. सणाच्या दिवशी ओव्हन टर्कीने अडवलेला असतो, हे एक कारण. दुसरं महत्त्वाचं: ही पाई पूर्ण गार झाल्याशिवाय कापताच येत नाही.

साहित्य

२३ सेंटिमीटरच्या, म्हणजे ९ इंची पाईच्या भांड्यासाठी. शक्यतो वजनकाटा वापरा.

पारीसाठी: मैदा १६० ग्रॅम, फ्रीजमधलं घट्ट बटर ११५ ग्रॅम, साखर १ चमचा, मीठ अर्धा चमचा, बर्फाचं पाणी ३ ते ४ मोठे चमचे.

सारणासाठी: पिकॅन १७० ग्रॅम, डार्क चॉकलेट १२० ग्रॅम, ब्राउन शुगर १५० ग्रॅम, कॉर्न सिरप १८० मिलिलिटर, बटर ६० ग्रॅम, अंडी ३, बर्बन २ मोठे चमचे, व्हॅनिला १ चमचा, मीठ अर्धा चमचा.

भारतात नेहमी मिळणाऱ्या पिवळ्या बटरमध्ये मीठ असतं. ते वापरत असाल तर पारीत वेगळं मीठ नको आणि सारणात चिमूटभर पुरे.

कॉर्न सिरप मिळालं नाही तर गोल्डन सिरप घ्या. काकवीही चालते, पण नुसती काकवी घातली तर तिच्यापुढे दुसरी कुठलीच चव टिकत नाही, म्हणून अर्धी काकवी आणि अर्धं गोल्डन सिरप. चॉकलेट ६० ते ७० टक्के कोकोचं हवं. मिल्क चॉकलेट घातलंत तर सुरुवातीची तक्रार दुप्पट होऊन परत येईल.

पिकॅन हे अमेरिकेचंच झाड आहे आणि टेक्ससचा तो राज्यवृक्ष. पातळ कवचाच्या, मोठ्या गराच्या पिकॅनची लागवड वाढली त्यामागे एका गुलाम माळ्याचा हात आहे. लुइझियानातल्या ओक अ‍ॅली मळ्यावर १८४०च्या दशकात अँटवान नावाच्या या माळ्याने पिकॅनची कलमं यशस्वी केली. त्याचं आडनावसुद्धा नोंदलेलं नाही. त्याच जातीचं फळ पुढे १८७६च्या फिलाडेल्फियातल्या प्रदर्शनात गाजलं. पुण्या-मुंबईत पिकॅन महाग पडतात, तेव्हा खुशाल अक्रोड घ्या. केंटकीत १९५४ पासून होत असलेल्या डर्बी पाईत चॉकलेटसोबत अक्रोडच असतात. (तुमच्या पाईला मात्र ते नाव देऊन विकू नका, तो नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे.)

बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका असतो आणि ती आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपात मुरते. व्हॅनिलासारखा वास आणि जळक्या साखरेची किंचित कडू झाक तिला त्या लाकडातून मिळते. पाईसाठी भारीतली बाटली फोडू नका, साधी ४० टक्के अल्कोहोलवाली पुरते.

पारी

आपला हात इथे चुकीच्या दिशेला जातो. मोदकाची उकड जितकी मळावी तितकी चांगली. ही कणीक मळायचीच नाही. मैदा, साखर आणि मीठ परातीत एकत्र करा, बटरचे लहान तुकडे टाका आणि बोटांच्या टोकांनी भराभर चोळा. वाटाण्याएवढे बटरचे खडे दिसले की थांबा. तेच खडे ओव्हनमध्ये वितळून पारीला पदर सुटतात. बर्फाचं पाणी चमचा-चमचा शिंपडा. मुठीत दाबल्यावर गोळा धरला की पाणी बंद. गोळा चपटा करून, झाकून तासभर फ्रीजमध्ये ठेवा. मुंबईच्या हवेत हे काम सकाळी लवकर उरकलेलं बरं.

मग पिठी लावून भांड्यापेक्षा दोन इंच मोठं लाटा, भांड्यात अलगद बसवा आणि कडा दुमडून चिमटा. ताणून बसवू नका, भाजताना आखडते. पुन्हा अर्धा तास फ्रीजमध्ये.

आता पारी आधी रिकामीच भाजायची. ही पायरी टाळली की सारणाखाली कच्चा, ओला मैदा राहतो. पारीवर बेकिंग पेपर घालून त्यात वाटीभर कोरडा राजमा भरा आणि २०० अंश सेल्सियसला १५ ते १८ मिनिटं भाजा. कागद आणि राजमा काढा, तळाला अंड्याचा थोडा पांढरा बलक पुसा आणि आणखी ५ मिनिटं ठेवा. तो राजमा शिजवायच्या कामाचा राहत नाही; पुढच्या पाईसाठी डब्यात भरून ठेवा.

सारण

ओव्हन १७५ अंशांवर आणा आणि पिकॅन ७-८ मिनिटं भाजून घ्या. न भाजलेले पिकॅन सारणात मऊ पडतात.

जाड बुडाच्या पातेल्यात ब्राउन शुगर, सिरप, बटर आणि मीठ मंद आचेवर वितळवा, उकळू नका. गॅस बंद करून मिश्रण कोमट होऊ द्या. गरम मिश्रणात अंडी घातली तर गोड भुर्जी होईल. बर्बन आणि व्हॅनिलाही आता, गॅस बंद असतानाच घाला. पेटत्या शेगडीजवळ दारू ओतू नये. अंडी वेगळी हलवून मिसळा, पण फेसू नका. फेस झाला तर वर फुगवटा येऊन तो नंतर फाटतो.

काही जण चॉकलेट वितळवून सारणातच घालतात. त्याने सगळं एकजीव होतं, पण चव ब्राउनीकडे झुकते. मला चॉकलेट जाडसर चिरून तळाशी पसरलेलं आवडतं: खाली कडू थर, मध्ये गोड, वर खमंग पिकॅन. चॉकलेटवर पिकॅन पसरा आणि वरून सारण ओता. पिकॅन आपोआप वर तरंगतात.

भाजणं

ओव्हनच्या खालच्या कप्प्यात, १७५ अंशांवर ४५ ते ५५ मिनिटं. कडा लवकर करपतात, म्हणून २५ मिनिटांनी त्यांवर फॉइल झाका. लहान ओटीजीत वरची कॉइल पाईच्या अगदी जवळ येते. तिथे पूर्ण पाईवरच सैल फॉइल टाका.

घड्याळापेक्षा पाई हलवून बघा. कडेचा भाग फुगून घट्ट झालेला आणि मधला दोन-तीन इंचांचा भाग जेलीसारखा थरथरणारा, अशी असताना ती बाहेर काढायची. मधला भाग पाण्यासारखा लाटा मारत असेल तर अजून पाच-पाच मिनिटं द्या. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९३ अंश दिसले की झालं. पूर्ण घट्ट होईपर्यंत ठेवलीत तर सारण दाणेदार होतं, कारण बाहेर काढल्यावरही आतली उष्णता अंडी शिजवत राहते.

दोन तास जाळीवर, मग किमान दोन-तीन तास फ्रीजमध्ये. अंड्याचं सारण असल्यामुळे रात्रभर ओट्यावर ठेवू नका. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस छान राहते.

भाजताना सगळी दारू उडून जाते हा गैरसमज आहे, थोडी उरतेच. मुलं, गरोदर बाई किंवा दारू न घेणारं कोणी पाहुण्यांत असेल तर आधी सांगा, किंवा बर्बनऐवजी तेवढीच कडक काळी कॉफी आणि थोडी किसलेली संत्र्याची साल घाला. कडवटपणा त्यानेही येतो.

वाढण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढा. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, दर कापाला पुन्हा तेच. दहा तुकडे करा, आठाचे मोठे होतात. सोबत साखर न घालता फेटलेलं क्रीम द्या. व्हॅनिला आइसक्रीमचा आग्रह कोणीतरी धरेलच, त्याला एक छोटा गोळा पुरे.