डच वाक्य मराठीतनं शिका, इंग्रजीतनं नको

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं माझ्याकडं डच शिकायला येतात, तेव्हा प्रत्येक वाक्य मनात आधी इंग्रजीत करायची सवय मी सगळ्यात आधी मोडते. घरी मराठी, बाजारात कन्नड. दोन्हीत क्रियापद शेवटी. हे भांडवल टाकून इंग्रजीच्या वळणानं कशाला जायचं?

म्हणून मी गौणवाक्यापासून, म्हणजे मुख्य वाक्याला जोडून येणाऱ्या वाक्यापासून, सुरू करते. 'कारण मी उद्या बसनं खानापूरला जाते' म्हणजे 'ऑमदाट इक मॉर्खन मेट द बुस नार खानापूर खा'. शेवटचं 'खा' म्हणजे 'जाते'. आधी वेळ, मग साधन, मग ठिकाण, हा क्रमही आपलाच.

साध्या वाक्यात मात्र तेच क्रियापद उचलून दुसऱ्या जागी ठेवा: 'इक खा मॉर्खन...'. 'उद्या' पुढं घेतला तर 'मॉर्खन खा इक...', कर्ता मागं सरकतो, क्रियापद जागचं हलत नाही. दुसरी जागा म्हणजे दुसरा शब्द नव्हे. 'फॉल्खन्दे वेक', म्हणजे पुढच्या आठवड्यात, हे दोन शब्द मिळून एकच जागा धरतात.

आता तुटणारी क्रियापदं, इथं घाई नको. 'ऑपबेलन' म्हणजे फोन करणं. गौणवाक्यात ते शेवटी अखंड: 'ऑमदाट इक य मॉर्खन ऑपबेल', म्हणजे 'कारण मी तुला उद्या फोन करते'. साध्या वाक्यात फक्त 'बेल' पुढं जातं, 'ऑप' शेवटीच थांबतं: 'इक बेल य मॉर्खन ऑप'. पूर्ण झालेल्या क्रियेत 'खे' मधोमध शिरतो: 'ऑपखेबेल्ट'. कुठलं तुटणार हे कानानं ओळखा. आघात, म्हणजे उच्चारातला जोर, उपसर्गावर असेल तर तुटतं. 'फरस्तान', म्हणजे समजणं, यात आघात 'स्तान'वर. ते तुटत नाही आणि त्याला 'खे'ही लागत नाही.

विशेषणाचं सोपं आहे. मराठीत मोठा, मोठी, मोठं. कन्नडात नामाआधी 'दोड्ड' कुठंही तसंच. डच या दोन्हींच्या मधली. नामाच्या आधी विशेषणाला बहुतेक सगळीकडं 'ए' लागतो: 'अन डिके टास' (एक जाड पिशवी), 'हेट डिके बूक' (ते जाड पुस्तक), 'डिके बूकन' (जाड पुस्तकं). डच नामाआधी इंग्रजी 'the'सारखं 'द' किंवा 'हेट' येतं. नाम 'हेट'चं, एकवचनी आणि अनिश्चित असेल तेव्हाच तो 'ए' गळतो: 'अन डिक बूक'. 'खेन' म्हणजे नकारानंतरही तसंच: 'खेन डिक बूक'. नामानंतर आलेल्या विशेषणाला काहीच लागत नाही: 'द टास इस डिक'.

त्यामुळं वहीत नुसतं 'बूक' लिहू नका, 'हेट बूक' लिहा. छोटेपणा दाखवणारा 'ये' शेवटी असला, जसं 'बूक्ये', तर एकवचनात तो शब्द हमखास 'हेट'चा.