शेतकऱ्यांचा ग्रुप व्हॉट्सॲपवरून टेलिग्रामवर हलवताना

व्हॉट्सॲपच्या ग्रुपात 1024 च्या वर माणसं मावत नाहीत. खरी अडचण मात्र त्याआधीच सुरू होते. गेल्या खरिपात बोंडअळीवर झालेली चर्चा यंदा आलेल्या सदस्याला उघडता येत नाही, प्रत्येकाचा नंबर सगळ्यांसमोर उघडा असतो आणि कामाचं उत्तर सुप्रभातच्या फुलांखाली गाडलं जातं. टेलिग्रामवर या तिन्हींवर सोय आहे. पण नुसती लिंक टाकून ग्रुप हलत नाही. आधी हलवावी लागतात ती उत्तरं देणारी माणसं.

गुढीपाडव्यानंतर सुरू करा आणि मृगाच्या आत उरका. पेरणी लागली की नवं ॲप शिकायला कुणाला फुरसत नसते.

जुन्या ग्रुपातली तीन-चार महिन्यांची चर्चा वाचून, प्रश्नांना नेमाने आणि नीट उत्तर देणाऱ्यांची नावं वहीत उतरवा. फार तर पंधरा-वीस निघतील. त्यांना मेसेज नको, फोन करा. पहिले दोन आठवडे नव्या ग्रुपात फक्त हेच लोक ठेवा आणि त्यांच्याकडून हंगामाची माहिती भरून घ्या: घरच्या सोयाबीनची 100 दाण्यांची उगवण चाचणी (70 किंवा जास्त उगवले तर पेरण्याजोगं), बीजप्रक्रिया, कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) कधी लावायचे. रिकाम्या ग्रुपात आलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत फिरतो.

जुनी चर्चा 'एक्स्पोर्ट चॅट' वापरून अख्खी नव्या ग्रुपात आणता येते, पण आणू नका. लोकांनी ते ओळखीच्या माणसांत लिहिलेलं असतं. कामाच्या तीस-चाळीस पोस्ट निवडा, लिहिणाऱ्याला विचारा आणि नव्याने टाका.

सेटिंगमध्ये एवढं करा. 'टॉपिक्स' सुरू करून कापूस, सोयाबीन-तूर, संत्रा, बाजारभाव आणि इतर असे पाचच विषय ठेवा. वरुड-मोर्शीकडे संत्र्याचे अंबिया आणि मृग बहार (फुलोऱ्याचे दोन हंगाम) वेगळे केले तर चालतात. नव्या सदस्याला जुने मेसेज दिसू द्या. लिंकवर ॲडमिनची मंजुरी लावा आणि मंजुरीआधी गाव व पीक विचारा. 'स्लो मोड' (एकाच माणसाच्या दोन मेसेजमध्ये सक्तीचं अंतर) एरवी बंद ठेवा. भांडण पेटलं की तेवढ्यापुरता पाच मिनिटांचा लावा. प्रत्येक सदस्याला प्रायव्हसीत जाऊन स्वतःचा नंबर 'नोबडी' करायला शिकवा, नाहीतर बायाबापड्या ग्रुपात येतील पण लिहिणार नाहीत. एक तरी ॲडमिन ताई असावी. कमी जागेच्या फोनवर फोटो-व्हिडिओचं ऑटो डाउनलोड बंद करून द्या. फोन भरला की लोक पहिलं हेच ॲप काढतात.

जुना ग्रुप लगेच मोडू नका. तिथे फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं करा आणि महिनाभर रोज नव्या ग्रुपातल्या एका चर्चेचा मथळा व लिंक टाका. दोन्हीकडे लिहिणं सुरू राहिलं तर चर्चा फाटते आणि दोन्ही ग्रुप मरतात. क्यूआर कोड छापून कृषी केंद्रावर, ग्रामपंचायतीत लावा.

सगळ्यात कडक नियम फवारणीच्या सल्ल्याला हवा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. 'हे दोन मिसळून मारा, अळी साफ' अशी ओळ तासभरही राहू देऊ नका. विचारणाऱ्याने पीक किती दिवसांचं आहे ते आणि पानाच्या दोन्ही बाजूंचा फोटो द्यावा. कपाशीत गुलाबी बोंडअळीची शंका असेल तर सापळ्यात किती पतंग आले तेही लिहावं (सलग तीन रात्री आठ-आठ आले की उपायाची वेळ). सांगणाऱ्याने औषधातला घटक लिहावा, नुसतं कंपनीचं नाव नको. मात्रा 10 लिटर पाण्याला की एका पंपाला, हेही लिहावं. पाठीवरचा पंप 15 लिटरचा असतो तसा 20 चाही, आणि पॉवर स्प्रेला पाणी कमी लागत असल्याने मात्राच बदलते. हे नसेल तर पोस्ट काढायची, सांगणारा कितीही मोठा असो. किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 आणि रुग्णवाहिकेचा 108 पिन करून ठेवा.

नियम मोडणाऱ्याची पोस्ट काढा आणि त्याला खासगीत फोन करा. चारचौघांत टोकलं की ते भावकीच्या भांडणात जातं. दुसऱ्यांदा सात दिवस लिहिणं बंद, तिसऱ्यांदा बाहेर. विनापरवाना एचटीबीटी (तणनाशक सोसणाऱ्या कपाशीचं) बियाणं विकणाऱ्याला मात्र पहिल्याच वेळी काढा. काढण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, कारण 'रिसेंट ॲक्शन्स'मध्ये काढलेल्या पोस्टची नोंद 48 तासच राहते. सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला आपोआप दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका व्हॉट्सॲप प्रकरणात म्हटलं आहे. पण मेसेज काढायचा अधिकार हाती असताना त्या आडोशाने बसू नका.

ॲडमिन पाच ठेवा, वेगवेगळ्या गावांचे, आणि त्यांत कृषी केंद्रवाला नको. ग्रुप ज्याच्या नावावर आहे त्याने पहिल्याच दिवशी टू-स्टेप पासवर्ड लावावा. तो लावून सात दिवस झाल्याशिवाय मालकी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आणि पासवर्ड न लावलेल्या खात्याचं सिम हरवलं की ज्याच्या हाती ते पडेल त्याच्या हाती ग्रुप जातो.