जुन्या राउटरची रॅम आणि बूटलोडर बदलताय? या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत भट्टीच्या मीटरचं रीडिंग ऑफिसातल्या संगणकावर आणायचं म्हटलं, की त्यासाठीच्या तयार गेटवेची, म्हणजे मीटर नेटवर्कला जोडणाऱ्या डबीची, किंमत ऐकूनच मालक गप्प होतात. मग कुणाला तरी कपाटात पडलेला टीपी-लिंकचा एमआर३०२० हा छोटा राउटर आठवतो. डबी लहान, यूएसबी आहे, ५ व्होल्टवर चालते, आत लिनक्सच आहे. अडचण एवढीच की पहिल्या आवृत्तीत फ्लॅश (फर्मवेअर साठवणारी चिप) ४ एमबी आणि रॅम ३२ एमबी. ओपन-डब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मुक्त लिनक्सची १९.०७ ही अशा उपकरणांना अधिकृतपणे मिळालेली शेवटची मालिका. म्हणून लोक फ्लॅश १६ एमबी आणि रॅम ६४ एमबी करायला बसतात. आतल्या एआर९३३१ या प्रोसेसरला ६४ एमबीच्या पुढे रॅम चालत नाही, त्यामुळे जास्तीची हाव धरून उपयोग नाही.

पण आधी डबी उलटी करून स्टिकरवरची आवृत्ती वाचा. एमआर३०२०च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रोसेसरच वेगळा आहे, आणि तिच्यात ८ एमबी फ्लॅश व ६४ एमबी रॅम मुळातच आहे. नाव तेच, कवच जवळपास तसंच, म्हणून पहिल्या आवृत्तीचा बूटलोडर (वीज मिळताच सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम) तिच्यात घालणारे महाभाग असतात. आणि नुसती जागाच कमी पडत असेल, तर पेन ड्राईव्हवर एक्स्ट्रूट करून, म्हणजे साठवणूक त्यावर नेऊन, भागतं. चिप काढायची हॉट एअर मशीन चालू करायचीसुद्धा गरज नाही.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. फ्लॅशच्या अगदी शेवटच्या ६४ केबीत एआरटी नावाचा भाग असतो. त्यात त्या एकाच बोर्डाच्या वायफायचं कॅलिब्रेशन असतं, कारखान्यात मोजून लिहिलेलं. बूटलोडर कुठूनही मिळेल, फर्मवेअर मिळेल, कर्नल स्वतः बांधता येईल. हे ६४ केबी मात्र जगात दुसरीकडे कुठे नाहीत. इंटरनेटवरून दुसऱ्या कुणाची एआरटी उतरवून घातली, तर वायफाय सुरू झाल्यासारखं दिसतं, पण कॅलिब्रेशन त्या दुसऱ्या बोर्डाचं असतं. मॅक पत्त्याचंही, म्हणजे नेटवर्कवर डबी ओळखण्याच्या क्रमांकाचंही, तसंच. टीपी-लिंकच्या या मॉडेलमध्ये तो पहिल्या १२८ केबीच्या शेवटच्या १ केबीत, म्हणजे बूटलोडरच्याच पार्टिशनमध्ये असतो. नवा बूटलोडर डोळे झाकून वर लिहिला की पत्ता गेला. मग एकच पत्ता असलेल्या अशा दोन डब्या एका नेटवर्कवर आल्या की कधी ही दिसते, कधी ती, आणि दोष केबलला लागतो.

म्हणून पूर्ण ४ एमबीची प्रत आधी काढा. दोनदा वाचा आणि दोन्हींचा चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा) जुळतो का पाहा. क्लिप लावून बोर्डावरच वाचायला गेलात, तर क्लिपमधून जाणारी वीज अख्ख्या बोर्डाला मिळते, प्रोसेसर जागा होतो आणि तोही त्याच तारांवर बोलायला लागतो. दर वेळी वेगळी फाइल येते ती यामुळे. चिप उचलून वाचलेली बरी. शिवाय चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या स्वस्तातल्या काळ्या सीएच३४१ए प्रोग्रामरच्या डेटा लाइनवर ३.३ ऐवजी ५ व्होल्ट येतात. मीटर लावून बघा. ‘काय हुतंय त्याला’ म्हणून पुढे जाऊ नका.

माझं स्पष्ट मत सांगतो: जुन्या चिपवर काही लिहूच नका. १६ एमबीची नवी चिप प्रोग्रामरवर बाहेरच तयार करा आणि मूळ चिप पुडीत बांधून ठेवा. काही बिनसलं तर ती परत बसवली की डबी होती तशी उठते. याहून चांगला बॅकअप नाही. नवी चिप घेताना विनबाँडच्या डब्ल्यू२५क्यू१२८ या क्रमांकाच्या शेवटची अक्षरं वाचा. एफव्ही आणि जेव्ही ३.३ व्होल्टवर चालतात, एफडब्ल्यू आणि जेडब्ल्यू १.८ व्होल्टच्या आहेत. दिसायला सारख्याच. ‘घेतोयच तर ३२ एमबीची घेऊ’ हेही नको. १६ एमबीच्या पुढे तीन बाइटांचा पत्ता पुरत नाही, चिप चार बाइटांवर जाते, आणि रीबूटच्या वेळी प्रोसेसर पुन्हा तीन बाइटांनीच विचारतो. डबी अडकते ती प्लग काढून घालेपर्यंत. रात्री भट्टीजवळ प्लग काढायला कोण जाणार?

नव्या चिपमध्ये जुनी ४ एमबीची फाइल जशीच्या तशी ओतली, तरी सगळं चालतं आणि माणूस फसतो. जागा ४ एमबीच दिसते, कारण पार्टिशनचे आकार फर्मवेअरमध्ये ठरलेले असतात. मग १६ एमबीसाठी बांधलेलं फर्मवेअर चढवलं की मध्येच राहिलेल्या एआरटीवर पाणी फिरतं. एआरटी नव्या चिपच्या शेवटच्या ६४ केबीत हलवायची, आणि डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) पार्टिशन त्याप्रमाणे बदलून फर्मवेअर बांधायचं.

प्रोग्रामर नाही म्हणून सिरियल कन्सोलवरून, म्हणजे बोर्डाला तारा जोडून लॅपटॉपवर आदेश टाइप करून, बूटलोडर बदलणारे पुष्कळ आहेत. ३.३ व्होल्टचा यूएसबी-सिरियल घ्या, फक्त टीएक्स, आरएक्स आणि ग्राउंड जोडा, वेग ११५२००. मूळ बूटलोडर थांबवायला सुरू होतानाच ‘टीपीएल’ ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करावी लागतात. टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल आणायच्या साध्या पद्धतीने) फाइल येत नसेल तर आधी लॅपटॉपचा फायरवॉल बघा. १२८ केबीची फाइल आली म्हणजे १३१०७२ बाइट दिसले पाहिजेत, एकही कमी नको. आणि मिटवून झाल्यावर लिहिताना चूक झाली तर घाबरून प्लग काढू नका. चालू असलेला बूटलोडर त्या क्षणी रॅममधून चालतोय, त्यामुळे फाइल परत आणून परत लिहिता येते. प्लग काढला की संपलं. लाइट जाण्याची भीती असेल तर डबी पॉवर बँकेवर चालवा. मात्र काही पॉवर बँका कमी करंट पाहून आपोआप बंद होतात, ते आधी तपासून घ्या.

लिनक्समधून लिहायचं म्हटलं तर बूटलोडरचं पार्टिशन केवळ-वाचनीय असतं. ते उघडणाऱ्या मॉड्यूलला ‘आय वाँट अ ब्रिक’ (मला वीट हवी, म्हणजे मेलेली डबी) असं पॅरामीटर दिल्याशिवाय ते हलत नाही. लिहिणाऱ्याने गंमत केली आहे, पण इशारा खरा आहे.

रॅम सगळ्यात शेवटी. नवी फ्लॅश आणि नवा बूटलोडर जुन्या ३२ एमबीवर नीट चालतोय हे पाहिल्यावरच. तिन्ही एकाच बैठकीत बदललं आणि स्क्रीन काळी राहिली, तर दोष कुठे शोधणार?

इथे लागते ५१२ मेगाबिटची, १६ बिट रुंदीची डीडीआर-१ चिप. ती जुन्या लॅपटॉपच्या रॅमवर मिळू शकते, पण त्याच आकाराची ८ बिटवालीही असते. सॅमसंगमध्ये के४एच५११६३८ म्हणजे १६ बिट, के४एच५१०८३८ म्हणजे ८ बिट. डीडीआर-२ चालणार नाही. तिचं व्होल्टेजही वेगळं आणि पॅकेजही.

चिपला ६६ पाय, दोन पायांत ०.६५ मिलिमीटर. हात बसलेला नसेल तर कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा कुठेही चांगल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून बसवून घ्या, त्यात कमीपणा नाही. शिसं पूर्ण वितळायच्या आत चिमट्याने उचकटलं की पॅड उखडतात. एक नंबरच्या पायाचा ठिपका काढण्याआधीच फोटोत टिपून ठेवा. नळजोडणीची आम्लयुक्त पेस्ट वापरू नका. पावसाळ्यातल्या दमट हवेत ती पाय खाते.

आता सिरियलवर बघा. काहीच उमटत नसेल तर शॉर्ट किंवा उलटी चिप. बूटलोडरच्या ओळींत डीरॅमसमोर ६४ ऐवजी ३२च आलं तर पत्त्याचा एखादा पाय टेकलेला नाही, चिपच चुकीची आहे किंवा बूटलोडरमध्ये आकार पक्का बांधलेला आहे. ६४ येऊन पुढे कर्नल उलगडताना ‘एलझेडएमए एरर १’ आला आणि तीच फाइल आधी चालत होती, तर संशय रॅमच्या जोडावर. भिंगाखाली एकेक पाय सुईने हलकेच ढकलून बघा, हलणारा सापडतो.

चालू झाली म्हणून लगेच शिरोलीला नेऊ नका. मेमटेस्टर हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवा, गार असताना आणि तापल्यावर रीबूट करून पाहा. टेबलावर चालणारा कच्चा जोड भट्टीशेजारच्या उष्णतेत सुटतो, आणि तेव्हा फोन तुम्हालाच येतो.