योसेमिटीत कडक ऊन पडलं की नदी चढते

मे-जूनमध्ये योसेमिटीला (अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं राष्ट्रीय उद्यान) जाताना आपण फक्त पावसाचा अंदाज बघतो. सह्याद्रीची सवय! पण तिथे वसंतात पूर बर्फ वितळून येतो, तोही निरभ्र आकाशाखाली. म्हणून निघण्याआधी एवढं करा:

१. योसेमिटीच्या दरीतून वाहणाऱ्या मर्सेड नदीची 'पोहोनो ब्रिज' या पुलाजवळची पातळी आणि पुढच्या काही दिवसांचा अंदाज बघा. आलेख ऑनलाइन फुकट दिसतो. १० फुटांना दरीत पूर मानतात. आकडा तिकडे सरकत असेल तर बेत बदला. २०२३च्या एप्रिलअखेर याच कारणाने दरीचा बराचसा भाग बंद ठेवला होता. आलेखाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, आत रेंजचा भरवसा नाही.

२. मुक्कामाचं बुकिंग करताना नकाशात नदी कुठे आहे ते बघा. नदीकाठची जागा फोटोत छान दिसते, पण पाणी आधी तिथेच शिरतं.

३. वरच्या डोंगरात ओढा ओलांडायचा असेल तर भल्या सकाळी. रात्रीच्या गारठ्यात बर्फ कमी वितळतं, दुपारनंतर तोच ओढा फुगतो. सकाळी सहज पार केलात म्हणून संध्याकाळी परतताही येईल, असं धरून चालू नका.

४. व्हर्नल फॉल धबधब्याकडे जाणाऱ्या मिस्ट ट्रेल या पायवाटेवर तुषारांनी भिजायला होतं, छत्री निरुपयोगी. रेनकोट घाला, फोन झिपच्या पिशवीत.

धबधब्याच्या माथ्यावर कठड्यापलीकडे पाऊल टाकू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. ओला ग्रॅनाइट निसरडा असतो, आणि वरचं संथ दिसणारं पाणीही ओढून नेतं.