आरसी रॉकेट ग्लायडर: या चुका टाळा

आरसी म्हणजे रेडिओने चालवायचे रॉकेट ग्लायडर रॉकेट मोटरवर वर जाते आणि मग पंखांवर तरंगत उतरते. त्याच्या स्पर्धेत उतरायचे म्हणून येणारा जवळजवळ प्रत्येक नवशिका पहिला प्रश्न मोटरविषयी विचारतो, आणि तिथेच त्याची पहिली चूक होते. एस८ई/पी या आंतरराष्ट्रीय स्पर्धा-गटात मॉडेलचे वजन ३०० ग्रॅमपर्यंत, पंखांचा विस्तार किमान ११०० मिलिमीटर आणि मोटर ४० न्यूटन-सेकंदांपर्यंत (म्हणजे जोर गुणिले जळण्याचा वेळ) चालते. हवेत राहिलेल्या प्रत्येक सेकंदाला एक गुण मिळतो. ३६० सेकंदांच्या पुढे गेल्यास गुण कापले जातात, आणि खुणेच्या जितके जवळ उतराल तितके उतरण्याचे गुण वाढतात. सरासरी सहा न्यूटन जोर देणारी मोटर यातले सहा-सात सेकंदच जळते. उरलेला सगळा वेळ तुम्ही ग्लायडर उडवत असता.

सर्वांत जास्त मॉडेले मोडतात ती गुरुत्वमध्यामुळे, म्हणजे मैदानावर ज्याला सगळे सीजी म्हणतात त्यामुळे. मोटर बहुधा मागे बसते आणि तिच्यातले साधारण वीस ग्रॅम इंधन चढाईतच जळून जाते. ते इंधन सीजीच्या १५० मिलिमीटर मागे असेल, तर मोटर विझेपर्यंत सीजी जवळपास दहा मिलिमीटर पुढे सरकतो. सव्वाशे मिलिमीटर रुंदीच्या पंखात एवढा फरक थोडा नव्हे. रिकामी मोटर लावून समतोल साधलेले मॉडेल भरलेल्या मोटरसह शेपटीकडे जड होते, आणि शेपटीकडे जड मॉडेल जोरात वर जाताना कुणाचेही ऐकत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका सकाळी चोपडा तालुक्यातल्या एका रिकाम्या रानात मी नवे मॉडेल घेऊन गेलो होतो. समतोल घरी रात्रीच पाहिला होता, तोही मोटरच्या रिकाम्या आवरणावर, आणि वारा सुटण्याआधी उडवायचे या घाईत भरलेली मोटर लावल्यावर तो पुन्हा पाहिला नाही. मॉडेल उडवण्याच्या दांडीवरून सुटले, सेकंदभर सरळ गेले आणि मग नाक उचलून पाठीवर पडले. मी रेडिओची स्टिक पुढे ढकलली तर ते खाली झेपावले, मागे ओढली तर पुन्हा उलटले, आणि मोटर जळत असतानाच शेजारच्या केळीच्या बागेत शिरले. बांधावर उभे असलेले एक बाबा शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुमनं इमान केळीस्मा पडनं." केळीच्या सगळ्या ओळी सारख्याच दिसतात, त्यामुळे ते शोधायला तास गेला. डावा पंख मुळातून तुटून ठिबकच्या नळीवर पडला होता, आणि केळीच्या चिकाचे डाग त्या शर्टावर अजून आहेत.

तेव्हापासून मी पंखाखाली पेन्सिलीने दोन रेघा ओढतो, एक भरलेल्या मोटरची आणि एक जळालेल्या मोटरची, आणि दोन्ही स्थितींत मॉडेल पेन्सिलीच्या दोन खोडरबरांवर तोलून पाहतो. सरावाला जळालेल्या आवरणात वाळू भरून ते भरलेल्या मोटरच्या वजनाचे करतो. काटा मात्र चांगला हवा. सोन्यासाठी प्रसिद्ध असलेल्या जळगावात ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारा काटा मिळत नाही, ही सबब मी ऐकून घेत नाही.

दुसरी लाडकी चूक ट्रिमची, म्हणजे स्टिक मध्यावर असताना नाक वर-खाली धरणाऱ्या पट्ट्या कुठे राहतात त्याची. तरंगताना लागणारा वरचा ट्रिम चढाईत तसाच ठेवला की मॉडेल लूप मारते, कारण उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चढाई आणि तरंगणे यांसाठी रेडिओवर दोन वेगळे मोड ठेवा आणि चढाईच्या मोडमध्ये एलिव्हॉनची, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांची, हालचाल कमी करा. तरंगण्याचा ट्रिम हाताने सोडून ठरतो, अंदाजाने ठरत नाही. संध्याकाळी वारा पडल्यावर गवतावर वीस वेळा हाताने सोडल्याशिवाय मी मोटर लावत नाही. पाचव्या फेकीला कंटाळणाऱ्या मुलांना मी सरळ सांगतो की त्यांनी पतंग उडवावा.

रेडिओत साठवलेली जुन्या मॉडेलची मेमरी नव्यावर उतरवली असेल, तर मॉडेलच्या मागे उभे राहून स्टिक उजवीकडे न्या; उजवा एलिव्हॉन वर गेला पाहिजे.

मे महिन्यात भुसावळच्या उन्हात बंद गाडीत मॉडेल ठेवू नका. फोमचा पंख पिळवटतो आणि तो पीळ तुम्हाला हवेत गेल्यावरच दिसतो.

वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या किंवा पिकलेल्या गव्हाच्या रानाजवळ उडवू नका, आणि पाण्याचा कॅन दांडीशेजारीच ठेवा, गाडीत नव्हे.

घरी दारू कुटून मोटर बनवणाऱ्यांशी मी बोलतही नाही.

काळ्या जमिनीवर दुपारी चांगले थर्मल, म्हणजे गरम हवेचे वर जाणारे झोत, उठतात आणि घारी ते आधी दाखवतात, हे खरे आहे. पण नवशिके घारींच्या मागे वाऱ्याच्या दिशेने इतके दूर जातात की परतायला उंची उरत नाही, आणि अडीच मिनिटांचे गुण वाढवण्याच्या नादात उतरण्याचे सगळे गुण पलीकडच्या गावाच्या शिवारात जातात. मी घड्याळात २७० सेकंदांची घंटा लावतो आणि ती वाजली की, घार कितीही वर चढत असली तरी, मॉडेल खुणेकडे वळवतो.