कोकण किनाऱ्यावर खऱ्या गोष्टींची बैठक कशी भरवावी, संगीतासकट

मंडप, सतरंज्या, चहा, ग्रामपंचायतीला पत्र, लाउडस्पीकरसाठी पोलीस ठाण्याची लेखी परवानगी. गावात एखादं नमन किंवा डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) ज्याने उभी केलीय त्याला यातलं काही शिकवायला नको, म्हणून ते मी धरूनच चालतो. इथे बोलायचंय ते जरा वेगळ्या कार्यक्रमाबद्दल. गावातलीच चार माणसं स्वतःच्या आयुष्यात खरोखर घडलेली एकेक गोष्ट, हातात कागद न घेता, गावासमोर सांगतात. आणि त्या गोष्टींसाठीच नव्याने बांधलेलं संगीत दोन-तीन वादक बाजूला बसून वाजवतात. यावर जे सल्ले फिरत असतात ते बहुतेक शहरातल्या बंद सभागृहांचे असतात. समुद्राच्या काठी ते टिकत नाहीत.

दिवस

तारीख धरण्याआधी तिथी बघा. डोलीच्या, म्हणजे वाहत्या पाण्यात बांधून ठेवायच्या जाळ्याला पाण्याची ओढ लागते, त्यामुळे पुनव-अवसेच्या उधाणाला डोलवाले समुद्रावर असतात आणि अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे कमी ओढीच्या पाण्याला, घरी सापडतात. पौर्णिमेचं चांदणं छान दिसतं म्हणून तोच दिवस धरलात तर ज्यांच्या गोष्टी ऐकायच्या तेच गायब. ट्रॉलरवाल्यांचं गणित निराळं, ते मच्छीमार सोसायटीत विचारा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते तेव्हा बहुतेक जण मोकळे असतात हे खरं, पण पत्र्यावर कोकणातला पाऊस सुरू झाला की शेजारच्याचंही ऐकू येत नाही. दिवाळीनंतर ते शिमग्याच्या तयारीआधी, एवढाच काळ कामाचा.

जागा

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, नको. सूर्यास्ताचा फोटो चांगला येतो आणि गोष्ट ऐकू येत नाही. लाटेची सळसळ नेमकी स, श, फ ही अक्षरं खाते, आणि श्रोता अर्धा वेळ शब्द जुळवत बसतो. त्यात दिवसभराचा खारा वारा सूर्य बुडेपर्यंत माईकमध्ये घुमत असतो. देवळाचा सभामंडप किंवा शाळेची पडवी घ्या, समुद्राच्या बाजूला भिंत असलेली. साडेसातला सुरू करा. तोवर वारा पडलेला असतो आणि मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा रात्रीचा वारा, अजून सुटलेली नसते. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा कायदा आहे, त्यामुळे चार गोष्टी पुष्कळ झाल्या.

माणसं आणि गोष्टी

‘तुमच्या आयुष्यातला अविस्मरणीय प्रसंग सांगा’ असं विचारलंत की भाषण मिळतं. त्याऐवजी जागा आणि वेळ धरून विचारा. ३ जून २०२० ला दुपारी, निसर्ग वादळ आलं तेव्हा तुम्ही घरात नेमके कुठे उभे होता? पहिल्यांदा रापणीचा (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा) दोर हातात घेतलात तेव्हा पुढे कोण ओढत होतं? तुमची पहिली होडी कुणाला विकलीत, आणि त्याने ती न्यायला कुणाला पाठवलं? अशा प्रश्नांतून गोष्ट आपोआप बाहेर येते. मासेमारीच्याच गोष्टी हव्यात असा हट्ट धरू नका. किनाऱ्यावर पोस्टमन, आंब्याचे बागायतदार, लाँचचं तिकीट फाडणारे आणि मुंबईहून परत आलेले गिरणी कामगारही राहतात.

माणूस मालवणीत, संगमेश्वरीत, आगरीत किंवा दालद्यांच्या (किनाऱ्यावरच्या मुस्लिम मच्छीमारांच्या) बोलीत सांगत असेल तर तसंच सांगू द्या. पुस्तकी मराठीत आणलेली गोष्ट त्याच्या तोंडून उसनी वाटते, आणि पुढे संगीत बांधायला लागाल तेव्हा कळेल की त्या बोलीचा हेलच तुमचं अर्धं काम करून देतो.

दोन गोष्टी मात्र आधी मिटवा. गोष्टीत बुडालेल्या माणसाचा उल्लेख असेल तर त्याच्या घरी स्वतः जाऊन विचारा, फोनवर नाही. आणि कुणावर ठपका येत असेल तर नाव गाळा. भारतीय न्याय संहितेच्या ३५६व्या कलमातली बदनामी फक्त ‘पण हे खरंय’ म्हणून टळत नाही. खरी गोष्टही लोकहितासाठी सांगितलेली असावी लागते.

दहा मिनिटं एका गोष्टीला. न्यूयॉर्कला १९९७ साली सुरू झालेल्या ‘द मॉथ’ या खऱ्या गोष्टींच्या कार्यक्रमाची एक युक्ती उचलण्यासारखी आहे. तिथे मोठ्या प्रयोगात वेळ संपल्याची खूण वादक वाद्यावर देतो. घंटा किंवा चिठ्ठीपेक्षा हे कितीतरी सभ्य.

संगीत

गाडी अडते ती इथे. माझीही बराच काळ इथेच अडत होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात वाईट आणि सगळ्यात जास्त ऐकायला मिळणारा सल्ला म्हणजे ‘मागे हळू आवाजात काहीतरी चालू ठेवा’. अजिबात ठेवू नका. शब्दांखाली सतत चालणारा सूर एका मिनिटात कानाला ऐकू येईनासा होतो, मग वादक नकळत आवाज वाढवतो, तो वाढला म्हणून सांगणारा आवाज चढवतो, आणि आवाज चढला की स्वयंपाकघरात बसून सांगितल्यासारखी चाललेली गोष्ट सभेतलं भाषण होऊन जाते. दहा मिनिटांतली आठ संगीताशिवायच जायला हवीत. वादकांना हे पटवणं सगळ्यात कठीण असतं, कारण मानधन घेऊन गप्प बसायला त्यांना लाज वाटते. त्यांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा.

म्हणून वादक निवडतानाच काळजी घ्या. ऑर्केस्ट्रात ट्रॅकवर वाजवणारा कितीही तयार असला तरी मला नको. दशावताराचा पेटीवाला किंवा कीर्तनाला साथ करणारा तबलजी मिळाला तर डोळे मिटून घ्या. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, नटाला संवाद तिथल्या तिथे सुचतात, आणि साथीदार त्याच्या तोंडाकडे बघत वाजवतात. नेमकं हेच कसब इथे लागतं. आधी रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावून त्यावर गोष्ट सांगायला लावणं हा तर सांगणाऱ्यावर अन्याय आहे. बोलताना माणसाला मध्येच काहीतरी आठवतं, ट्रॅक मात्र पुढे निघून जातो.

आता बांधायचं कसं. पहिल्या बैठकीला वाद्य नेऊ नका. वादकाने फक्त ऐकायचं, सांगणाऱ्याच्या घरी, त्याच्या ओट्यावर. थोड्या दिवसांनी पुन्हा ऐकायचं, आणि जमलं तर आणखी एकदा. दोन्ही-तिन्ही वेळा काय तसंच राहिलं आणि काय बदललं ते बघायचं. वाक्यं बदलतात, नेहमीच. घटनांचा क्रम बदलत नाही, आणि एखाद-दुसरा शब्दप्रयोग बदलत नाही. संगीताच्या जागा त्या न बदलणाऱ्या ठिकाणी टांगायच्या. ‘तो म्हणेल “मग मी दार उघडलं”, तेव्हा सुरू करू’ असं ठरवलंत की त्या रात्री तो हमखास ‘दार उघडं होतं’ म्हणणार आणि वादक तोंड उघडं टाकून बसणार. इशारा वाक्यावर ठेवू नका, घटनेवर ठेवा. दार उघडलं गेलं, कुणीही कसंही उघडो, की वाजवायचं.

जागा तीनपेक्षा जास्त नकोत. पहिल्या शब्दाआधी एक, गोष्टीत काळ किंवा ठिकाण बदलतं तिथे एक, आणि शेवटच्या शब्दानंतर एक. चौथी हवीच असेल तर आधीची एक काढा.

काय वाजवायचं यावर माझं मत पक्कं आहे. भावना वाजवायची नाही. समजा एक बाई ११ नोव्हेंबर २००९ची, फयान वादळाच्या दिवसाची गोष्ट सांगतेय. ती बंदरावर उभी राहून आलेल्या होड्या मोजतेय, घरातले पाच जण पाच वेगवेगळ्या होड्यांवर गेलेत. ती सपाट आवाजात बोलतेय, चूल कधी पेटवली तेही सांगतेय. इथे बासरीवर करुण सूर काढलात तर ती पोचायच्या आधी तुम्ही श्रोत्यांना रडायची आज्ञा देऊन टाकलीत. त्याऐवजी सुरुवातीला पाच सुरांची एक साधी ओळ वाजवा. दुसरी जागा, काळ किंवा ठिकाण बदलण्याची, इथे होड्या लागण्यावर घ्या. ती एकेक होडी लागल्याचं सांगेल तसा त्या ओळीतला एकेक सूर, पेटीवर, दाबला आणि सोडला. चौथ्या होडीनंतर वादकाने हात पट्टीवरून उचलून मांडीवर ठेवायचा. पाचव्या सुराचं काय करायचं ते शेवटच्या जागेपर्यंत राखून ठेवा. श्रोत्यांनी मोजलेलं असतं, त्यांना कमी समजू नका.

‘करुण आहे म्हणून भैरवी’ हा हिशेबही सोडा. राग ठरवण्याआधी सांगणारा कोणत्या पट्टीत बोलतो ते शोधा. मोबाइलवरचं ट्यूनर ॲप त्यापुरतं चालतं. वाक्य संपताना आवाज जिथे उतरून बसतो तो सूर धरा आणि त्याला षड्ज, म्हणजे ‘सा’, माना. मग शब्दांच्या आसपास वाजणारं जे काही असेल ते बोलण्याच्या सप्तकात वाजवू नका, एक सप्तक खाली किंवा वर न्या. पेटीचा मधला भाग माणसाच्या आवाजाच्या नेमका अंगावर बसतो. चार माणसांसाठी चार वेगळे षड्ज निघतील. ही कटकट आहे, करावी लागते.

काही गोष्टींना माझ्याकडे सरळ बंदी आहे. लाटांचा आणि पक्ष्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज, कारण खरा समुद्र शंभर पावलांवर आहे. कोळीनृत्याचा ठेका, कारण कुणी होडी म्हटलं की ढोलकीवाल्याचा हात आपोआप तिकडे वळतो आणि समोर शाळेचं स्नेहसंमेलन उभं राहतं. गोष्ट पुन्हा सांगणारं गाणं, कारण एकदा ऐकलेलं यमक जुळवून दुसऱ्यांदा ऐकायला कुणी आलेलं नसतं. आणि सिनेमाची चाल, ओळखीची म्हणून. तिच्या जाहीर वादनाला परवाना लागतो ते वेगळंच.

वादक सांगणाऱ्याच्या मागे बसवू नका. बाजूला, तिरके, त्याचे ओठ दिसतील असे बसवा, आणि एक छोटा स्पीकर फक्त त्यांच्याकडे तोंड करून ठेवा. सांगणाऱ्याचा श्वास त्यांना श्रोत्यांपेक्षा स्पष्ट ऐकू आला पाहिजे. संगीतासकट तालीम दोनदा, बास. तिसऱ्या तालमीला सांगणारा संगीताची वाट बघत थांबायला लागतो आणि त्याची गोष्ट नाटकाकडे झुकते.

आणि कुणी रडलं तर? रडतात. वादकाचा हात लगेच वाद्याकडे जातो, तो प्रसंग झाकायला. तो हात थांबवायची सूचना आधीच देऊन ठेवा. कुणीही वाजवायचं नाही, निवेदकाने पाणी घेऊन धावायचं नाही. पाणी आधीपासून जवळ ठेवलेलं असावं. माणूस स्वतःहून पुढे बोलायला लागतो, किंवा थांबतो. दोन्ही चालतं.

खारी हवा

सूर्यास्तानंतर दमट हवेत चामडं उतरतं. दुपारी सुरात मिळवलेला पखवाज किंवा तबला सुरू करण्याआधी पुन्हा मिळवावा लागतो, तोवर झाकून ठेवा. पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात, म्हणून ती ऐन वेळी उघडा. बासरी उघड्यावर वाजवणार असाल तर वाऱ्याकडे पाठ करून, नाहीतर फुंकच लागत नाही. माईकला फोमची टोपी घाला आणि तो स्टँडवरच ठेवा. हातात माईक आला की साधी माणसं पुढाऱ्यासारखी बोलायला लागतात.

ती रात्र

निवेदकाने नाव सांगून बसायचं. गोष्टीचा अर्थ सांगणारा निवेदक नकोच. सगळ्यात शांत आवाजाचा माणूस पहिला ठेवा म्हणजे श्रोते कान टवकारून बसायला शिकतात, आणि हशा पिकवणारा तिसरा. गोष्ट संपल्यावर वादकाने लगेच तुटून पडू नये. टाळ्या आल्या तर येऊ द्या, नाही आल्या तर दोन-तीन श्वास जाऊ द्या, मग शेवटची जागा वाजवा.

पाकीट सांगणाऱ्यालाही द्या, वादकाएवढंच. ‘ते गावचेच आहेत’ हे कारण मला चालत नाही. रेकॉर्डिंग केलं असेल तर ते कुठेही टाकण्याआधी दुसऱ्या दिवशी सांगणाऱ्याच्या घरी जाऊन त्याला ऐकवा आणि पुन्हा विचारा. आदल्या रात्री टाळ्यांच्या भरात सगळेच हो म्हणतात. नाही म्हणाला तर त्याच्यासमोर पुसा आणि वादकाच्या फोनवर एक प्रत राहिलीय का तेही बघा.