बगीच्याचं काम निघालंय? झाडांच्या बाबतीत या चुका टाळा

इंदुरात सध्या जिकडे बघावं तिकडे कॉलनीच्या बगीच्याचं काम चालू असतं, नवा वॉकिंग ट्रॅक, ओपन जिम, लायटिंग, पेव्हर ब्लॉक, आणि सुरुवातीला सगळेच सांगतात की झाडांना हात लावणार नाही. कुऱ्हाड खरंच कोणी लावत नाही, तरी दोन-तीन वर्षांत झाड वाळतं, कारण मार जमिनीखाली बसलेला असतो, आणि तोवर ठेकेदाराचं बिल पास झालेलं असतं.

आमच्या बगीच्यात गेटपाशी जुना कडुनिंब होता, घेर पाच फुटांच्या वर. ट्रॅकच्या कडेसाठी त्याच्यापासून जेमतेम दोन हातांवर जेसीबीने चर खणला. जेसीबी मूळ कापत नाही हो, ओढून फाडतो. मनगटाएवढं मूळ सालीसकट सोललेलं होतं, आतून पांढरट, ओलं, दुसऱ्या दिवशी उन्हाने तपकिरी पडलं. ऑपरेटर म्हणाला, झाड तर उभंच आहे. पुढच्या चैत्रात ट्रॅकच्या बाजूला पालवीच आली नाही, आणि तिसऱ्या पावसाळ्यात एका रात्री झाड आडवं झालं. सकाळी बघितलं तर ट्रॅकच्या बाजूला धरून ठेवायला मुळंच नव्हती. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगते, काम सुरू व्हायच्या आधी टेप घेऊन जा.

साडेचार फूट उंचीवर खोडाचा घेर मोजा, त्याच्या साधारण चौपट अंतर चारी बाजूंनी सोडा. पाच फूट घेर असेल तर वीस फूट. तिथे बांबू-दोरीचं कुंपण घाला, कारण नुसतं तोंडी सांगून भागत नाही. खाणारी-पिणारी बारीक मुळं वरच्या फूट-दोन फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या सावलीच्याही बाहेर जातात, म्हणून त्या जागेत वाळू-गिट्टीचे ढीग नकोत, सिमेंटचं पाणी ओतायचं नाही, ट्रक तर अजिबात नाही. आपली माळव्याची काळी माती ओली असताना दाबली गेली की विटेसारखी घट्ट होते, मग ना पाणी मुरतं ना हवा जाते. केबल न्यायचीच असेल तर हाताने खणून जाड मुळांच्या खालून पाइप काढा.

मूळ फाटलंच तर? फाटलेला भाग आरीने सरळ साफ कापा, ओलं पोतं टाका, त्याच दिवशी माती ओढा आणि पुढचा उन्हाळा नीट पाणी द्या. डांबर, ऑइल पेंट काही फासू नका. आणि मोठी मुळं एकाच बाजूची गेली असतील तर झाड कलण्याआधी जाणकाराला दाखवा, खाली मुलं खेळतात.

दुसरी चूक भरावाची. लेव्हल करायचं म्हणून बुंध्याभोवती फूटभर माती चढवतात, वर गोल ओटा बांधतात, दिसतो छान, बसायलाही बरा. पण खाली मुळं गुदमरतात आणि सतत ओली राहून साल कुजते. बुंधा जमिनीपाशी पसरट दिसला पाहिजे, खांबासारखा सरळ आत गेलेला दिसला तर माती चढलीय समजा आणि हळूहळू हाताने काढा. पेव्हरचंही तेच, राष्ट्रीय हरित लवादाने (एनजीटी) २०१३ मध्ये दिल्लीसाठी झाडाभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. मोठ्या झाडाला एक मीटर कमीच आहे, पण तेवढं तरी उघडा आणि वर वाळकी पानं पसरा, खोडाला न टेकवता.

आता 'झाड शिफ्ट करू' हे आश्वासन. वड, पिंपळ, उंबर बऱ्यापैकी सोसतात, जुना आंबा किंवा जांभूळ सहसा नाही. शिवाय काही महिने आधीपासून टप्प्याटप्प्याने मुळं छाटून तयारी करावी लागते, आज उचललं उद्या लावलं असं होत नाही. आणि शहरात झाड तोडायला मध्य प्रदेशच्या २००१ च्या वृक्ष परिरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, तो कागद काम सुरू होण्याआधी बघायला मागा, नंतर नाही.

एकाच्या बदल्यात दहा रोपं, हा हिशेब मला पटत नाही. १४ जुलै २०२४ ला इथल्या रेवती रेंजवर एका दिवसात १२ लाखांहून जास्त रोपं लागली, चांगलंच झालं, पण शहरातल्या राणी सरायच्या जुन्या झाडांवर संध्याकाळी जे पोपट उतरतात त्यांना रात्री बसायला आजच फांदी हवी.

झाड गेलंच असेल तर बदली तरी विचार करून लावा. पटकन हिरवं दिसतं म्हणून कोनोकार्पस हे परदेशी झाड नको, गुजरात वन विभागाने २०२३ मध्येच त्याच्या लागवडीवर बंदी घातलीय. गुलमोहराची फांदी वादळात पटकन मोडते, बाकांजवळ नकोच. करंज, बकुळ, बहावा, कडुनिंब लावा, पाणी साचतं तिथे अर्जुन. काळ्या मातीत खड्डा करून नुसती वाळू-खत भरलं की त्याचा हौद होतो आणि रोप कुजतं, म्हणून खणलेली मातीही परत मिसळा. पहिले तीन उन्हाळे पाणी कोण घालणार त्याचं नाव आधी ठरवा, आणि रोपाला बांधलेली दोरी दरवर्षी सैल करा, ट्री गार्ड खोडाला लागायच्या आत काढून टाका, आमच्याकडे एका करंजात लोखंडी पट्टी इतकी रुतलीय की आता काढायची म्हटलं तर सालच येईल.